कपाळ बघणाऱ्या बाई

बाईंनी पहिल्याच दिवशी माझ्या कपाळावरची टिकली उचकटली. बोटावर उलटी धरून तिचा गोंद बघितला, मला खिडकीच्या उजेडाकडे वळवून टिकलीखालची कातडी बघितली आणि ती टिकली परत न देता कचऱ्याच्या डब्यात टाकली. एवढं सगळं झालं तरी त्यांनी मला नाव विचारलं नव्हतं. विचारलं ते गाव. मी पाथर्डी तालुक्यातलं एक खेडं सांगितलं.

"मग तू पाथर्डी," त्या म्हणाल्या. "नाव सांगू नको. लग्नात बदलत्यात तुमची नावं. मी कशाला पाठ करत बसू?"

आमच्या बॅचला अकरा मुली होत्या आणि सगळ्यांची हीच गत. राजूरच्या वर डोंगरात राहणारी होती ती अकोले. शेवगावच्या दोघी होत्या, तर एक थोरली शेवगाव आणि एक धाकटी शेवगाव. बाई जिन्यात उभ्या राहून "ए जामखेड, पकड आन" अशी हाक मारायच्या तेव्हा खालच्या टायरच्या दुकानातली माणसं हसायची. आम्हालाही आधी राग यायचा, मग सवय झाली. आजही मला कोणी पाथर्डीची बस कुठे लागते असं विचारलं तर क्षणभर वाटतं, मलाच हाक मारली.

केडगावला पुणे रस्त्यावर, त्या टायरच्या दुकानाच्या डोक्यावर आमचं केंद्र होतं. छपरावर सोलर पॅनेल बसवायचं, वायरिंग करायचं आणि बिघडलं तर दुरुस्त करायचं, हे मुलींना सहा महिन्यांत शिकवायचं असा तो कोर्स. एक संस्था तो चालवायची, पण संस्थेचं माणूस महिनोन् महिने फिरकायचं नाही, त्यामुळे खऱ्या चालवणाऱ्या बाईच. माझे आईबाप दसरा झाला की ऊस तोडायला कोपरगावकडे जायचे. मी बारावी झाले होते आणि माझ्यापुढे कोयता नाहीतर लग्न एवढंच होतं. नगरच्या मावशीने या कोर्सचं कुठून तरी ऐकलं आणि मला आणून सोडलं. सोलर म्हणजे काय हे मला तेव्हा गावातल्या दिव्याच्या खांबापलीकडे माहीत नव्हतं.

बाई पन्नाशीच्या पुढच्या, काटकुळ्या. नेसायला सुती साडी, तिच्यावर पुरुषी फुल बाह्यांचा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट आणि कमरेला टेस्टर. आणि कपाळाच्या मधोमध एक पांढरा गोल. टिकलीएवढाच, टिकलीच्याच जागेवर, फक्त कडा पुसट झालेल्या. नवीन माणूस आधी त्या डागाकडे बघायचं, मग नजर चोरायचं, मग परत बघायचं. बाई त्याचं बघून होईपर्यंत गप्प उभ्या राहायच्या आणि मग विचारायच्या, "झालं? आता कामाचं बोला."

त्यांना कोणाच्या घरी नेणं म्हणजे संकट होतं. चहा घेतील, पाणी घेतील, पण त्याआधी सरळ आरशापाशी जातील. आपल्याकडे बायका झोपताना टिकली काढून आरशाच्या कडेला चिकटवतात आणि सकाळी तीच परत लावतात. काही आरशांवर तर महिन्याभराच्या टिकल्यांची रांग असते. बाई त्या रांगेवर टेस्टर फिरवून सगळ्या खरवडून काढायच्या. घरातली बाई तोंडाचा आ करून बघत राहायची. मग बाई तिच्या गोरं व्हायच्या क्रीमची डबी उचलणार, लांब धरून वाचणार आणि म्हणणार, "करनाऱ्याचं नाव हाय का हितं? पत्ता हाय? ज्यानं स्वतःचं नाव लपवलं त्याचं तू तोंडाला फासतीस? पारा असतोय असल्यात. मूत्रपिंड जातंय." त्या घरी आम्हाला दुसऱ्यांदा चहा मिळत नसे.

एकदा राजूरला एका आश्रमशाळेचं काम होतं. बाई, मी आणि अकोले अशा तिघी एसटीने निघालो. कंडक्टर बाई होती, ऐन तिशीतली, कपाळावर मोठी मरून टिकली. तिकीट घेताना बाईंनी तिचा हात धरला आणि विचारलं, "टिकलीखाली खाजतं का?" ती म्हणाली, "तुमाला काय करायचंय?" बाईंनी सरळ तिच्या टिकलीकडे हात नेला. कंडक्टरबाईने घंटी मारली आणि आम्हाला हत्यारांच्या पेटीसकट मधल्याच एका फाट्यावर उतरवलं. दोन तास उन्हात उभ्या होतो. अकोले रडकुंडीला आली. बाई मात्र शांत. "खाजतंय तिला," एवढंच म्हणाल्या.

कामात मात्र त्यांच्यासारखा हात मी पाहिला नाही. वायरचं टोक सोलताना आतली तार एवढीशी तुटली तरी त्या आवाजावरून ओळखायच्या. मी त्यांच्याकडे केलेली सगळ्यात मोठी चूक आमच्या गावाला शोभेल अशीच होती. पॅनेल धुवायला सांगितलं तर मी चुलीची राख आणि तारेची घासणी घेऊन वर गेले. घरी पातेली अशीच घासते, पॅनेलही तसंच लखलखीत करावं म्हटलं. काचेवर बारीक ओरखड्यांचं जाळं झालं. बाईंनी ते बघितलं, खाली बसल्या, आणि त्या काचेवरून तळहात फिरवत राहिल्या. मला वाटलं आता मार पडतो. पण त्या म्हणाल्या, "पाथर्डी, जी गोष्ट दुसऱ्याला उजेड देती तिला घासायचं न्हाई. मऊ फडक्यानं पुसायचं." ते पॅनेल त्यांनी बदललं नाही. स्वतःच्या खोलीच्या छपरावर नेऊन बसवलं.

ठेकेदारांना मुली हव्या असायच्या त्या हेल्मेट घालून फोटोत उभ्या राहायला. उद्घाटन झालं की मुलींना खाली पाठवायचं आणि मुलांना वर चढवायचं असा रिवाज. एका ठिकाणी पाहुणे गेल्यावर ठेकेदाराने आम्हाला नाष्ट्याचे डबे दिले आणि टेम्पोत बसायला सांगितलं. बाई छपरावर गेल्या, शिडी वर ओढून घेतली आणि वरून म्हणाल्या, "माझ्या पोरी सोडून कुनी वर यायचं न्हाई." मग ती शिडी फक्त आमच्यासाठी खाली आली. संध्याकाळपर्यंत आम्ही अकरा जणींनी पूर्ण काम संपवलं. मला आयुष्यात त्या दिवशीएवढी भूक कधी लागली नाही आणि त्या दिवशीएवढं मोठंही कधी वाटलं नाही.

शनिवारी दुपारी बाकीच्या मुली घरी किंवा नातेवाइकांकडे जायच्या. माझ्या घराला हंगामात कुलूप असायचं, मावशीकडे जागा नव्हती, म्हणून मी केंद्रावरच राहायचे. बाईही राहायच्या, कारण त्यांचं घरच ते. केंद्रामागे दोन खोल्या. शेगडी सोलरवर चालायची, त्यामुळे दोन्ही वेळचा स्वयंपाक ऊन असेपर्यंत उरकायचा आणि संध्याकाळी गार भाकरी खायची असा त्यांचा नेम होता. बॅटरी असूनही. मी विचारलं तर म्हणाल्या, "एकटीला गरम कशाला?" एरवी तासन् तास आम्ही बोलत नसू. त्या खाटेवर बसून रस्त्यावरून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या बघायच्या. इतकं बोलणारं माणूस इतकं गप्प बसू शकतं याची मला भीती वाटायची.

अशाच एका शनिवारी त्यांनी आपलं सांगितलं. आयटीआयला वायरमनच्या वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. लग्न झालं कोपरगावकडे, ऊसवाल्या घरात. दुसऱ्या वर्षी टिकलीच्या जागी कातडी पांढरी पडली. सासूने कोड म्हटलं, दिराने ताट वेगळं काढलं. नवऱ्याने माहेरी आणून सोडलं आणि सांगितलं, दोन महिन्यांनी न्यायला येतो. पुढे कधीतरी नगरच्या एका डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, हे कोड नाही, टिकलीच्या गोंदाने झालंय. तोपर्यंत नवऱ्याने दुसरं लग्न केलं होतं.

"मी काय सोडलेली बाई न्हाई," त्या म्हणायच्या. "मला दोन महिन्यांसाठी पाठवलंय." असं म्हणून हसायच्या. मला हसायला यायचं नाही.

त्याच दिवशी त्यांनी मनातली गोष्ट बोलून दाखवली. त्यांच्याकडे आजवर शिकलेल्या मुलींपैकी एकीनेही लग्नानंतर छपरावर पाय ठेवला नव्हता. कोणी शाळेच्या ऑफिसात होती, कोणी घरात. "मला एक पोरगी बघायचीय," त्या म्हणाल्या. "मंगळसूत्र घालून शिडी चढनारी. एकच. मग माझं काम झालं." माझ्याकडे बघून म्हणाल्या नाहीत. पण खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

मी त्यांना शब्द दिला. त्यांनी मागितला नव्हता, मीच दिला.

कोर्सनंतर मी दोन वर्षं त्यांच्याच हाताखाली काम केलं. मग स्थळ आलं कोपरगावचं. मुलगा निर्व्यसनी, बाजारपेठेत लेडीज शॉपी. टिकल्या, बांगड्या, क्रीम, पावडर. ऊसतोड्याची मुलगी दुकानदाराच्या घरात जाणार म्हटल्यावर माझ्या आईला अख्ख्या तांड्यात मिरवावंसं वाटलं. ती म्हणाली, "तुज्या हातात कोयता न्हाई आला, आता मी सुटले." तिच्यापुढे मी काय बोलणार? लग्नाआधी नवऱ्याला छपराच्या कामाचं विचारलं तर तो भला माणूस, म्हणाला, आईला विचारू. ते विचारणं राहूनच गेलं. बाई लग्नाला आल्या नाहीत. त्या कोणाच्याच लग्नाला जात नसत, कारण तिथे सवाष्णींना कुंकू लावतात आणि लावणारीचा हात त्यांच्यापाशी आला की अडखळतो.

सासूबाई स्वभावाने वाईट नव्हत्या. गल्ल्यावर बसायच्या, गिऱ्हाइकाला "ताई बसा" म्हणायच्या, मला लेकीसारखं जेवायला वाढायच्या. पण त्यांची टिकली दर दोन-तीन महिन्यांनी एका आकाराने मोठी होत होती. बाईंच्या हाताखाली शिकलेला माझा डोळा. मला पहिल्या महिन्यातच कळलं की त्या टिकलीखाली काहीतरी झाकतायत. पांढरा डाग वाढतोय म्हणून मोठी टिकली, आणि टिकली मोठी म्हणून गोंद जास्त. मला सगळं कळत होतं आणि मी गप्प बसले. बोलले असते तर तुला हे कोणी सांगितलं असं विचारलं असतं. मग बाई आल्या असत्या, छपरं आली असती, दिलेला शब्द आला असता. हे मी असं दोन वर्षं चालू दिलं. याची मला लाज वाटते.

त्याच सुमारास बाईंचा फोन आला. "पाथर्डी, गुडघे गेले माझे. शिडी चढवत न्हाई. वर चढून दाखवनारं कुनी नसंल तर संस्था कोर्स बंद करनार म्हनत्यात. आठवड्यातनं दोन दिवस ये. तुज्या घरी मी येऊन सांगते."

मी म्हटलं, "नको बाई, मीच विचारते." आणि विचारलं नाही. त्यांचे अजून दोन फोन आले. मी दोन्ही वेळा म्हटलं, विचारते.

मग एका सोमवारी, आठवड्याच्या बाजाराची गर्दी असताना, बाई दुकानाच्या पायरीवर उभ्या. शर्ट नव्हता. इस्त्रीची साडी, हातात पेढ्यांचा पुडा, केसांना तेल. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. ज्या भागातून त्यांना दोन महिन्यांसाठी पाठवलं होतं त्याच भागातल्या बाजारात त्या माझ्यासाठी आल्या होत्या. सासूबाई गल्ल्यावर होत्या, समोर दोन गिऱ्हाइकं.

बाईंनी मला बघितलं, तोंड उघडलं, आणि त्यांची नजर सासूबाईंच्या कपाळावर गेली. तिथेच सगळं बिघडलं. पेढ्यांचा पुडा त्यांनी काउंटरवर ठेवला आणि कोणाला काही कळायच्या आत हात लांब करून सासूबाईंची टिकली उचकटली.

रुपयाएवढा पांढरा डाग सगळ्यांनी बघितला. दोन्ही गिऱ्हाइकं मागे सरकली. सासूबाईंनी दोन्ही हातांनी कपाळ झाकून घेतलं.

"हे कोड न्हाई," बाई म्हणाल्या. "घाबरू नका. गोंदाचं हाय. माझंबी बघा."

पण सासूबाई बघण्याच्या पलीकडे गेल्या होत्या. कपाळावरचे हात न काढता त्यांनी मला विचारलं, "कोन हाय ही? तुज्या वळखीची हाय का?"

मी म्हणाले, "नाही."

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. काढलेली टिकली काउंटरच्या काचेवर नीट ठेवली. "दुसऱ्या दुकानात जायचं हुतं," त्या म्हणाल्या. "चुकले." पायरी उतरताना त्यांनी दाराची चौकट धरली, कारण गुडघा वळत नव्हता. पेढे तिथेच राहिले. ते आम्ही कोणी खाल्ले नाहीत.

त्यानंतर फोन करायला मी कितीतरी वेळा मोबाईल हातात घेतला असेल. काय बोलायचं ते सुचायचं नाही, आणि दिवस जायचे.

सहा-सात महिन्यांनी सासूबाईंचं कपाळ इतकं खाजायला लागलं की नवरा त्यांना कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी बाईंचंच वाक्य सांगितलं. टिकली कायमची बंद. घरी आल्यावर सासूबाई खूप वेळ पदर पुढे ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "ती बाई खरं बोलत हुती. कुठली असंल गं?"

मी सगळं सांगितलं. पाथर्डीपासून पेढ्यांपर्यंत. त्या ऐकून घेत राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "मला विचारलं असतंस तर मी जाऊ दिलं असतं की न्हाई, मलाच ठावं न्हाई. पन विचारायचं तरी." मग म्हणाल्या, "मला तिच्याकडं ने."

आम्ही केडगावला पोचलो तेव्हा दुपार होती. टायरचं दुकान तसंच होतं. वरची केंद्राची पाटी काढलेली, वर्गात कोणाचं तरी गोदाम झालेलं. मागच्या दोन खोल्यांत बाई होत्या. दार उघडून त्यांनी आधी सासूबाईंचा पदर मागे सारला आणि कपाळ उजेडात धरलं. मग त्यांना खाटेवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. कधीपासून, कुठली टिकली, औषध काय दिलंय, सगळं विचारलं. सासूबाई रडल्या. बाईंनी त्यांचा हात हातात धरून ठेवला. दोघी रिकाम्या कपाळाच्या बायका तासभर बोलत बसल्या आणि मधे मधे चक्क हसल्याही. बाईंना कोणाशी असं बोलताना मी पहिल्यांदा बघत होते. बरं वाटलं, आणि आतून जळलंही.

मी चहा करायला उठले तर बाई म्हणाल्या, "तुमी बसा. मी करते."

चहा झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "ही तुमच्याकडं शिकली म्हनं."

"व्हय, हुत्या," बाई म्हणाल्या. "हुशार हुत्या." आणि माझ्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. "घ्या ना. प्रवासातनं आलात."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी पाय धरले असते. या बशीपुढे मला काही करता येईना. मी म्हटलं, "बाई, वरचं पॅनेल धुळीनं भरलंय. रस्त्यावरून दिसलं. मी पुसून येते."

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "पाहुन्यांना काम सांगत न्हाईत." आवाजात राग नव्हता.

आम्ही निघालो. पुण्याहून येणारी कोपरगावची गाडी धरायला रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली उभ्या राहिलो. तिथून छप्पर दिसत होतं. थोड्या वेळाने शिडी टेकली गेली आणि बाई वर चढू लागल्या. एक पायरी, मग दुसरा पाय त्याच पायरीवर, मग थांबायचं. खांद्यावर फडकं आणि हातात बादली. निम्म्यावर बादलीतलं पाणी हिंदकळून त्यांच्या साडीवर सांडलं. त्या तशाच थांबून राहिल्या, मग परत चढू लागल्या.

"अगं, या वयात ती कशाला चढती?" सासूबाई म्हणाल्या. "एवढ्या पोरी शिकवल्या म्हन्ती. एक न्हाई का चढायला?"

"लग्नं झाली त्यांची," मी म्हणाले.

"हां," सासूबाई म्हणाल्या. त्यांना पटलं. मग गाडी आली आणि आम्ही जागा धरायला पुढे झालो.